भाव दुकानात ठरत नाही : परदेशातून आणलेल्या गिटारची गोष्ट

(हे आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशा मंडळींसाठी. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



आजचा भाग एका प्रश्नातून सुरू झाला. संगमनेरहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांची मुलगी जर्मनीत शिकते. दिवाळीला घरी येताना ती तिकडून गिटार घेऊन येणार आहे. ताईंनी तिला सांगितलं, "भाव करून घे गं." मुलगी म्हणाली, "आई, इकडे कोणी भाव करत नाही. लेबलवर असेल तेवढे द्यायचे." ताई म्हणतात, "दादा, विचारायला काय जातं? तुम्हीच सांगा, आमच्यातलं बरोबर कोण?"

उत्तर देतो, पण शेवटी. हा प्रश्न वाटतो तेवढा आजचा नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्या घरात तो ४० वर्षं पडून आहे, एका जुन्या पेटीत, गिटारसकट.

रुमालाखालचा सौदा

आपण नगरची माणसं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण बाजाराची सवय तीच आहे. काष्टीच्या किंवा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात कधी गेला असाल तर हे बघितलं असेल. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातावर उपरणं किंवा टॉवेल टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून आकडा सांगतात. तोंडाने एक शब्द नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळतही नाही की बैल कितीला गेला. मध्ये दलाल असतो, तो दोघांना ओढून जवळ आणतो. जमलं की इसार दिला जातो. झाला सौदा.

या सौद्यात एक गोष्ट फार मोलाची आहे. ज्यांचा पैसा आणि ज्यांचा माल, ते दोघं तिथे हजर असतात. जनावराचे दात बघितले, चालवून बघितलं, तोंडावरून समोरच्याची गरज ओळखली. भाव त्या दोन हातांमध्ये ठरतो.

आता परदेशातून आणलेली गिटार घ्या. तिथे रुमालाखाली दोन नाही, पाच-सहा हात असतात. दुकानदार आहे, तिकडचं सरकार आहे, आपलं सरकार आहे, चलनाचा दर ठरवणारा कोणीतरी आहे, कस्टमचा अधिकारी आहे आणि घेऊन येणारा नातेवाईक आहे. यातले बहुतेक हात आपल्याला दिसतच नाहीत. आजच्या भागात ते हात एकेक करून बघू.

नगरला परदेशी वाद्य नवं नाही

अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले १८३१ साली. गंमत बघा, आज जगात नावाजलेली अमेरिकेची मार्टिन गिटार कंपनी सुरू झाली १८३३ मध्ये. म्हणजे अमेरिकन गिटारच्या आधी अमेरिकन माणूस नगरला पोचला होता! मिशनबरोबर चर्चमधलं गाणं आलं आणि नगरकरांनी ते आपलंसं करून टाकलं. ख्रिस्ती कीर्तन इथे रुजलं, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या चालीत ख्रिस्ती भजनं लिहिली. सूर आपला आणि पेटी परदेशी, असं जुळलं.

हार्मोनियमचीही गोष्ट अशीच आहे. सुरुवातीला अख्खं वाद्य युरोपातून यायचं, पायाने भाता मारायचं, जड आणि महाग. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची पेटी बनवली. मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी वाद्य तयार झालं. पण आतल्या सुरी, म्हणजे रीड, बरीच वर्षं पॅरिसच्या आणि जर्मनीच्याच लागायच्या. दुसऱ्या महायुद्धात हा माल येईनासा झाला आणि मग गुजरातेत पालिताण्याला रीड बनू लागल्या. आजही जुने पेटीवाले "जर्मन रीड" म्हटलं की कान टवकारतात.

म्हणजे भाव परवडेना, माल मिळेना, की वाद्य इथेच घडवायचं. भाव करण्याचा हाही एक प्रकारच म्हणायचा. कोलकात्यात पुढे गिटारीही बनू लागल्या. आपल्या पिढीतल्या बहुतेकांची पहिली गिटार ही तीच. बोटं कापणाऱ्या उंच तारांची, पण परवडणारी.

लिव्हरपूलचा खलाशी

तुम्हाला वाटेल, हे परवाने आणि टंचाई म्हणजे फक्त आपल्याच नशिबी. तसं नाही. १९५१ ते १९५९ या काळात खुद्द ब्रिटनमध्ये अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर जवळपास बंदीच होती. महायुद्धानंतर त्यांच्याकडे डॉलर नव्हते. तिथल्या पोरांना अमेरिकन गिटार फक्त रेकॉर्डच्या कव्हरवर दिसायची.

मग गिटार यायची कशी? खलाशांकडून. १९६१ मध्ये लिव्हरपूलच्या एका खलाशाने न्यूयॉर्कहून आणलेली ग्रेश कंपनीची काळी गिटार विकायला काढली. मागत होता ९० पौंड. घ्यायला आला १८ वर्षांचा जॉर्ज हॅरिसन. बीटल्सचं नाव तेव्हा गावाबाहेर फारसं कोणाला माहीत नव्हतं. खिशात होते ७० पौंड. उरलेल्या २० पौंडांची त्याने चिठ्ठी लिहून दिली. आपल्या भाषेत सांगायचं तर इसार देऊन जनावर घरी नेलं. पुढे १९८७ मध्ये त्याच्या अल्बमच्या कव्हरवर तो हीच गिटार हातात घेऊन उभा आहे.

यात शिकण्यासारखं काय? हॅरिसनला भाव करता आला, कारण समोर माल विकणारा माणूसच उभा होता. बाकीचं सगळं, आयातीचे नियम, डॉलर, जहाज, त्या खलाशाने आधीच निस्तरलं होतं. मुंबईतही असेच खलाशी होते. गोव्याची वादक मंडळी सिनेमाच्या स्टुडिओत आणि हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवायची. त्यांच्यातल्या कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी मेहुणा जहाजावर असायचा. ज्याच्या घरात असा माणूस, त्याच्या हातात चांगलं वाद्य. नगरच्या पोराच्या घरात खलाशी कुठून असणार?

आठ डॉलरचा देश

आपल्याकडे परकीय चलनावर नियंत्रण आलं सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्ध सुरू होताच. युद्ध संपलं, नियंत्रण राहिलं. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला. १९७३ मध्ये आणखी कडक कायदा आला, तो फेरा, १ जानेवारी १९७४ पासून लागू. त्या दशकात परदेशी निघालेल्या माणसाला आठ डॉलर मिळायचे, ही गोष्ट तुमच्या घरातल्या कोणीतरी नक्की सांगितली असेल. आठ डॉलर खिशात घेऊन गिटारच्या दुकानात भाव काय करणार?

आणि दराचं बघा. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं. एक डॉलर ४.७६ रुपयांचा होता, तो एका दिवसात ७.५० रुपयांचा झाला. पौंड १३.३३ वरून २१ रुपयांवर गेला. बरोबर महिनाभराने, जुलैच्या पहिल्या आठवड्यात बीटल्स दिल्लीत उतरले. तोपर्यंत ते जगप्रसिद्ध झाले होते. कॅनॉट प्लेसच्या रिखी राम यांच्या दुकानातून त्यांनी वाद्यं घेतली. आता हिशोब करा. समजा, एखाद्या सतारीची किंमत १००० रुपये आहे. मे महिन्यात इंग्रज गिऱ्हाइकाला ती ७५ पौंडांना पडली असती. जुलैत तीच सतार साधारण ४८ पौंडांना. त्याने तोंड न उघडता एक तृतीयांशाहून जास्त भाव उतरला होता! आणि त्याच दिवशी आपल्यापैकी कोणी १०० पौंडांची गिटार लंडनहून मागवली असती, तर १३३३ रुपयांऐवजी २१०० रुपये लागले असते.

हा पहिला न दिसणारा हात. दुकानदाराशी कितीही गोड बोला, या हातापुढे काही चालत नाही.

काकांची गिटार

आता घरातली गोष्ट.

माझे काका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. गणपतीत, लग्नात, गॅदरिंगला. नगरजवळ अरणगावला मेहेराबाद आहे, मेहेरबाबांची समाधी. दर वर्षी ३१ जानेवारीच्या सुमाराला अमरतिथीला देशोदेशीची माणसं तिथे येतात, त्यात गाणारे-वाजवणारे पुष्कळ. इंग्लंडच्या 'द हू' बँडचा पीट टाउनशेंड हा मेहेरबाबांचा अनुयायी. 'बाबा ओ'रायली' या १९७१ च्या गाण्याच्या नावातले बाबा ते हेच. स्टेजवर गिटार फोडण्यासाठी जगभर गाजलेल्या माणसाचे गुरू आमच्या अरणगावचे, हे काका फार मिटक्या मारत सांगायचे.

तर एका अमरतिथीला काकांनी एका परदेशी पाहुण्याची गिटार हातात घेतली. दोन मिनिटं वाजवली असेल. घरी आले ते गप्पच. आजीने विचारलं तर म्हणाले, "आई, मी इतकी वर्षं लाकडाच्या फळीवर वाजवतोय."

१९८३ ची गोष्ट ही. काकांचे आतेभाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मस्कतला नोकरीला होते. काकांनी पत्र लिहिलं. अण्णांनी दुकानात जाऊन यामाहाची एक गिटार बघितली, चार फेऱ्या मारल्या, घासाघीस केली आणि दुकानदाराकडून पेटी आणि तारांचे दोन जोड फुकट घेऊन, वर किंमतही थोडी कमी करून घेतली. पत्रात अभिमानाने लिहिलं होतं, "मी काष्टीचा बाजार केलेला माणूस आहे, याला सोडतो का?"

विमानतळावर कस्टमच्या टेबलावर अण्णांनी बिल दाखवलं. अधिकाऱ्याने ते बाजूला ठेवलं. एवढ्या कमी किमतीत ही वस्तू मिळणार नाही, असं म्हणून त्याने आपल्या अंदाजाने किंमत धरली आणि त्यावर ड्युटी लावली. तेव्हाच्या ड्युट्या आजच्यासारख्या नव्हत्या. मस्कतला चार फेऱ्या मारून वाचवलेले पैसे चार मिनिटांत गेले आणि वर आणखी गेले. हा दुसरा हात.

तिसरा हात मात्र घरातलाच निघाला. अण्णांनी तिकडे रियाल दिले होते. इकडून पैसे पाठवायची सोय नव्हती, म्हणून काकांनी अण्णांच्या घरी, आत्याकडे, रुपये द्यायचे असं ठरलं होतं. असले व्यवहार घरोघरी चालायचे. ते फेराच्या विरोधात जातात, हे निम्म्या लोकांना ठाऊकही नव्हतं. पण दर कोणता धरायचा, हे कोणीच बोललं नव्हतं. आजोबा म्हणाले, बँकेचा दर. आत्याचे यजमान म्हणाले, बाहेर याहून जास्त मिळतात, अण्णाने काय तोटा सोसायचा का? आणि कस्टमची ड्युटी कोणाच्या खात्यावर, हा प्रश्न वेगळाच.

दुकानात झाली नाही तेवढी घासाघीस आमच्या ओसरीवर झाली. सख्ख्या बहीण-भावात. काकांनी शेवटी आत्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळे पैसे फेडले, दोन वर्षं लागली. पण आजोबा आणि आत्या यांच्यात त्यानंतर भाऊबीज झाली ती नुसती ओवाळण्यापुरती. अण्णांचा यात काही दोष नव्हता. काकांचाही नव्हता. आजही ती गिटार घरात आहे. आवाज सुंदर आहे. काका ती फार वाजवायचे नाहीत.

मी लहान होतो. बरीच वर्षं मला वाटायचं की पैशांवरून माणसं कशी भांडतात. आता हा भाग तयार करताना कळलं की ती भांडत होती एका अशा दरावरून, जो त्या दोघांपैकी कोणीच ठरवला नव्हता.

आपलंच लाकूड

चांगल्या गिटारची पाठ आणि बाजू अनेकदा शिसवीची असते. पूर्वी अमेरिकन कंपन्या ब्राझीलचं शिसवी वापरायच्या. ते मिळणं अवघड झालं, तेव्हा १९६९ मध्ये मार्टिनने भारतीय शिसवी घ्यायला सुरुवात केली. म्हणजे सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या रांगांत वाढणारं झाड, आपल्या आजीच्या पाटाचं आणि वाड्याच्या दाराचं लाकूड, अमेरिकेत जातं आणि गिटार होऊन परत येतं तेव्हा त्यावर आपण आयात शुल्क भरतो. लाकडाच्या पातळ फळीत फार पैसा नसतो. पैसा असतो ती फळी गिटार होते त्या कारागिरीत आणि नावात.

जानेवारी २०१७ मध्ये शिसवीच्या साऱ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, ते 'साइटिस' या कराराखाली. विकण्यासाठी गिटार सीमेपार पाठवायची तरी कागद लागू लागले. वादकांनी आणि कारागिरांनी ओरड केली. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीवर मात्र कडक बंधन कायम आहे. म्हणून परदेशात कोणी "जुनी गिटार आहे, ब्राझीलच्या लाकडाची आहे, स्वस्तात देतो" म्हणाला तर ती घेण्याआधी कागद मागा. कागद नसेल तर तो भाव स्वस्त नाही.

मिरजेच्या दुकानात

आता बाजू उलटून बघू. आपण परदेशात गिऱ्हाईक असतो, तसे परदेशी लोक आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणून येतात. मिरजेत शस्त्रं घडवणारी शिकलगार मंडळी होती. शस्त्रांची मागणी ओसरली तेव्हा ती सतार-तंबोऱ्याकडे वळली. फरीदसाहेबांचं नाव त्यात अगदी सुरुवातीचं. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरच्या भागातून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तिथे बाहेरचा माणूस येतो आणि भाव करतो. त्याला कोणीतरी सांगून पाठवलेलं असतं की भारतात सांगतील त्याच्या निम्मे म्हणायचं. कारखान्यात बनलेल्या गिटारवर दुकानदार दहा टक्के सोडतो तेव्हा ते त्याच्या नफ्यातून जातात. तंबोरा बनवणारा दहा टक्के सोडतो तेव्हा त्याच्या आठवड्याच्या मजुरीतून जातात. जवारी लावायला बसलेल्या माणसाच्या बोटांकडे एकदा बघा, मग किती सोडायला सांगायचं ते ठरवा. आपल्यालाही हे लागू आहे. बाहेर लेबलची किंमत मुकाट द्यायची आणि मिरजेत येऊन हुज्जत घालायची, हे बरं नाही.

तर ताई, उत्तर असं

१९९१ मध्ये दारं उघडायला लागली. १ एप्रिल २००१ पासून उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे आयातीचे निर्बंध उठले. फेरा जाऊन फेमा आला. २००४ पासून सामान्य माणसाला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवता येऊ लागले, आज ती मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. आठ डॉलरपासून आपण इथवर आलो. आत्याच्या ओसरीवरचं भांडण आज झालं नसतं.

पण रुमालाखालचे हात गेलेले नाहीत. म्हणून मुलीला एवढं सांगा.

नव्या गिटारवर जर्मनीत फार भाव होत नाही, हे ती बरोबर सांगते. पण पेटी, तारा, सेटिंग करून देणं, हे मागायला हरकत नाही. तुम्ही बरोबर आहात, विचारायला काहीच जात नाही. मैत्रीण अमेरिकेत असेल तर तिथे वेगळी गंमत आहे. कंपनीने ठरवलेल्या किमतीच्या खाली दुकानदाराला जाहिरात करता येत नाही, पण काउंटरवर हळूच विचारलं तर तो कमी करू शकतो. तो झाला त्यांचा रुमाल! जुन्या, वापरलेल्या गिटारवर मात्र सगळीकडे भाव होतो. तिथे दात बघायचे. मान वाकली आहे का, फ्रेट झिजले आहेत का, पाठीला चीर आहे का. दोष दाखवायचा आणि मग आकडा सांगायचा, काष्टीसारखाच.

कराकडे लक्ष द्या. जर्मनीत लेबलच्या किमतीत १९ टक्के कर धरलेला असतो. ११९० युरोच्या गिटारमध्ये १९० युरो कराचे. युरोपबाहेर राहणाऱ्या पाहुण्याने वस्तू देशाबाहेर नेली तर हा कर परत मागता येतो, मधली कंपनी थोडी फी कापते. मुलीकडे तिथे राहायचा परवाना आहे, तिला तो मिळणार नाही. तुम्ही तिला भेटायला जाणार असाल तर गिटार तुमच्या नावावर घ्या, दुकानातून त्याचा फॉर्म मागा आणि निघताना विमानतळावर शिक्का मारून घ्या. कुठल्याही दुकानदाराने एवढी सूट दिली नसती.

आणि आपलं कस्टम. सामानातल्या वस्तूंना ठरावीक रकमेपर्यंत ड्युटी माफ असते. २०१६ च्या नियमांत ती मर्यादा ५०,००० रुपये होती. हे आकडे बदलतात, निघायच्या आठवड्यात बघून घ्या. बिल खरं ठेवा. कमी किमतीचं बिल बनवून घेऊ नका, अण्णांचं तर खरं बिलसुद्धा कोणी मानलं नव्हतं.

शेवटचं, आणि आमच्या घराने शिकवलेलं. गिटार दुसरं कोणी आणणार असेल तर चार गोष्टी आधी बोलून घ्या. दर कोणता, ड्युटी कोण भरणार, वाटेत तुटली तर काय, आणि पैसे कधी. दुकानदाराशी भाव केला नाही तरी चालेल. नातेवाईकाशी मात्र आधीच, मोकळेपणाने, उपरणं बाजूला ठेवून बोला.

काकांच्या गिटारला मागच्या महिन्यात नव्या तारा बसवल्या. अण्णांचा नातू आला होता, त्यानेच बसवल्या. दोन तास वाजवत बसला होता.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्याही घरात परदेशाहून आलेल्या एखाद्या वस्तूची गोष्ट असेल तर पाठवा. नमस्कार.